बीएफए करता करता केमिस्ट्री? चित्रकलेसोबत दुसरा विषय कुणी शिकलंय का?

सांगलीची_हळद

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक आहे, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

धाकटी लेक यंदा बारावी सायन्स झाली. केमिस्ट्रीची तिला मनापासून गोडी आहे. आणि चित्रं तर ती अक्षरं गिरवायच्या आधीपासून काढते. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांत 'ए' ग्रेड आहे. कलेची सीईटी दिली, मार्क चांगले पडलेत, मुंबई नाहीतर पुण्यात बीएफए पेंटिंगला (चित्रकलेच्या पदवीला) मिळेल असं दिसतंय. आम्ही म्हटलं, चला, पोरीचं मार्गी लागलं.

परवा रात्री जेवताना म्हणाली, "आई, मला बीएफएच करायचंय. पण केमिस्ट्री सोडायची नाहीये." तिचे बाबा म्हणाले, "काहीतरी एक धर." ती काही बोलली नाही, ताटावरून उठलीही नाही. भाकरीचा तुकडा हातात घेऊन नुसती बसून राहिली. मला ते बघवलं नाही.

आमच्या घरात चित्रकलेचं कॉलेज कुणी पाहिलेलं नाही. बीएफएबरोबर बीएस्सी किंवा दुसरं काही करता येतं का? नियमात बसतं का? आणि बसत असलं तरी पोरीला झेपेल का? ज्यांनी असं काही केलंय किंवा करायला जाऊन सोडलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

टर्पेंटाइन

ताई, आधी लेकीचं अभिनंदन. ती सीईटी सोपी नसते. समोर प्लास्टिकची बादली, त्यावर अर्धवट लोंबणारा पंचा, शेजारी दोन कांदे, आणि ठरलेल्या वेळात ते सगळं कागदावर आणायचं.

मी बीएफए पेंटिंग केलंय, त्यामुळे दिवस कसा जातो ते सांगते. चार वर्षांचा कोर्स, पहिलं वर्ष फाउंडेशन. आमच्या वेळी सकाळी साडेआठला हजेरी व्हायची. दुपारपर्यंत स्टिल लाइफ (समोर मांडलेल्या वस्तूंचं चित्र) किंवा हेड स्टडी, जेवणानंतर काँपोझिशन नाहीतर प्रिंटमेकिंग. चारला सुटका झाली की स्टेशनवर स्केचिंग, कारण आठवड्याला शंभर स्केचेस दाखवायची असत. रात्री सबमिशन. एकदा लावलेलं स्टिल लाइफ आठवडाभर तसंच ठेवलेलं असतं. मधला एक दिवस चुकला की द्राक्षं सुकलेली आणि उजेड बदललेला.

बीएस्सीलाही प्रॅक्टिकल असतात आणि तीही दिवसाच. दोन्हीकडे हात लागतात आणि हात दोनच आहेत. थिअरीचा विषय असेल तर गोष्ट वेगळी.

नियमावर_बोट

मी विद्यापीठाच्या कामकाजात बरीच वर्षं आहे, त्यामुळे कागदोपत्री बाजू सांगतो.

पूर्वी एका वेळी दोन पूर्णवेळ पदव्या घेता येत नव्हत्या. एप्रिल २०२२ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि ती मुभा दिली. दोन्ही कोर्स प्रत्यक्ष वर्गात बसून करायचे असतील तर त्यांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. किंवा एक प्रत्यक्ष आणि दुसरा दूरशिक्षणाने अथवा ऑनलाइन. किंवा दोन्ही दूरशिक्षणाने. पीएचडीला हे लागू नाही. म्हणजे बीएफए अधिक मुक्त विद्यापीठाची एखादी पदवी, हे नियमात बसतं.

पण पुढची पायरी महत्त्वाची. यूजीसीने मुभा दिली म्हणून प्रत्येक विद्यापीठाची व्यवस्था तयार असेलच असं नाही. दोन्ही ठिकाणी प्रवेशाच्या आधी लेखी विचारा. काउंटरवरचं "हो, चालतं" धरू नका.

आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला! तो एकच असतो आणि दोन्ही कॉलेजं मूळच मागतात. माझ्या पाहण्यातल्या एका मुलाची पहिली सहामाही त्या दाखल्याच्या मागे पळण्यात गेली. साक्षांकित प्रती आधीच जास्त काढून ठेवा.

घाटमाथा

मी स्पष्ट लिहितो, ताईंनी राग मानू नये. एक ना धड भाराभर चिंध्या होतील. चित्रकला ही अर्धवेळ करायची गोष्ट नाही. चार वर्षं पूर्ण बुडून राहिलं तर कुठे हात बसायला लागतो. माझ्या वर्गातल्या एकाने घरच्यांच्या समाधानासाठी सोबत बीकॉम धरलं. अकाउंट्सच्या पेपरच्या आदल्या रात्री ज्युरीचं (परीक्षकांपुढे चित्रं मांडायच्या परीक्षेचं) काम आणि ज्युरीच्या आदल्या रात्री अकाउंट्स. शेवटी बीकॉम झालं आणि चित्रं राहिली. त्याची रेष आमच्या सगळ्यांत उजवी होती. आजही भेटला की माझा जीव हळहळतो.

चहाबाज

आमच्या घरी उलटं आहे. थोरल्याने चित्रकला घेतली, धाकट्याने केमिस्ट्री, आणि दोघांच्या कपड्यांवरचे डाग आईला सारखेच निघत नाहीत.

रानजाई

घाटमाथा, तुमच्या मित्राबद्दल वाईट वाटलं, पण त्याला बीकॉम नको होतं, ते घरच्यांना हवं होतं. इथे पोरगी स्वतः मागतेय. हा फरक लहान नाही.

आणि दोन्ही सांभाळलेली माणसं आपल्याकडेच आहेत. सुधीर पटवर्धन १९७२ मध्ये पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले, मग ठाण्यात तीसेक वर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं आणि तेवढीच वर्षं चित्रं काढली. लोकलमधली, पुलावरची, चहाच्या हॉटेलात बसलेली माणसं. त्यांच्या चित्रातला माणूस नुसता उभा असला तरी त्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते कळतं. दिवसभर एक्स-रे पाहणाऱ्या डोळ्यांचा त्यात वाटा असणारच, असं मला नेहमी वाटतं. मुंबईचे गीव्ह पटेलही डॉक्टर, कवी, नाटककार आणि चित्रकार.

घाटमाथा

रानजाई, पटवर्धन मलाही अतिशय प्रिय आहेत. पण ते आर्ट स्कूलमध्ये गेले नाहीत. डॉक्टरकी शिकले आणि चित्रकला स्वतःच्या हिमतीवर कमावली. म्हणजे पदवी एकच, दुसरी साधना. माझं म्हणणं तेच आहे. दोन परीक्षा, दोन हजेरीपट, दोन सबमिशन यांच्या मी विरोधात आहे. दोन विषयांच्या नाही.

रानजाई

मग आपण भांडतोय कशाला, एकाच बाजूला आहोत की!

पाटी_पेन्सिल

मी जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात चित्रकला शिक्षक आहे. आमच्या पिढीत हे 'सोबत' करणं हौसेचं नव्हतं, पोटाचं होतं. एटीडी (कला शिक्षकाची पदविका) केलं, नोकरी लागली, आणि मग कळलं की पदवीशिवाय पुढे सरकता येत नाही. नोकरी करत बाहेरून मराठीत बीए केलं. रविवारी पुस्तकं, इतर दिवशी शाळा. तेव्हा चीड यायची. आज मागे वळून पाहतो तर मराठीच्या अभ्यासाने मला चित्राबद्दल बोलता यायला लागलं. त्याआधी मी मुलांना "इथे गडद कर, तिथे फिकट कर" एवढंच सांगायचो. आता "का" ते सांगू शकतो.

पालकांसाठी एक निरीक्षण. दरवर्षी माझ्याकडे इंटरमिजिएटला मुलांची रांग लागते, कारण दहावीला 'ए'चे ७, 'बी'चे ५ आणि 'सी'चे ३ गुण जादा मिळतात. निकाल लागला की त्यातली बरीच मुलं रंगपेटी कायमची मिटतात. ताईंच्या मुलीने दहावीनंतर दोन वर्षं सायन्स करूनही रंगपेटी मिटली नाही. तिची ओढ खरी आहे. तिला थांबवू नका.

अर्धा_इम्पीरियल

माझा अनुभव पडल्याचा आहे, तोही लिहायला हवा. बीएफएच्या दुसऱ्या वर्षाला मी मुक्त विद्यापीठातून मानसशास्त्रात बीए सुरू केलं. विषय फार आवडला. पोर्ट्रेट करताना माणूस का असा बसलाय, हात मिटून का घेतलेत, याचा विचार व्हायला लागला.

पण तिसऱ्या वर्षाला दोन्हीच्या परीक्षा एकाच आठवड्यात आल्या. मी एचओडींकडे गेले. ते म्हणाले, "हे आम्हाला कधी सांगितलं होतंस?" सांगितलं नव्हतं. लपवून केलं होतं, कारण सिनियर म्हणाल्या होत्या की कळलं तर नाव काढतील. ज्युरी दिली, मानसशास्त्राचे चार पेपर बुडाले, आणि पुन्हा फॉर्म भरायची उमेद राहिली नाही. पुस्तकं अजून माळ्यावर आहेत.

आता नियम बदललाय, त्यामुळे माझ्यासारखं चोरून करायची गरज नाही. पण ताई, पहिल्या दिवशी कॉलेजात सांगून टाका. लपवण्यात माझी जी ताकद गेली ती अभ्यासात गेली नाही.

सांगलीची_हळद

सगळ्यांचे मनापासून आभार. अर्धा_इम्पीरियल, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. लेकीलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ताईला सांग, पुस्तकं माळ्यावरून खाली काढ."

ती असंही म्हणतेय की तिला केमिस्ट्रीची पदवी हवी असं नाही, तिला केमिस्ट्री "हवी" आहे. मला हे नीट कळत नाहीये. पदवीशिवाय विषय कसा हवा असतो?

ब्युरेट

ताई, मी छत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो. आजवरच्या माझ्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांनी तुमच्या लेकीसारखं वाक्य बोललं असेल.

ती काय म्हणतेय ते सांगायचा प्रयत्न करतो. बारावीच्या प्रॅक्टिकलला तिने सॉल्ट ॲनालिसिस, म्हणजे दिलेला क्षार ओळखायचा प्रयोग, केलं असणार. लेड असेल तर पोटॅशियम क्रोमेटचे दोन थेंब टाकले की परीक्षानळीत लख्ख पिवळा साका बसतो. इतर मुलं "लेड कन्फर्म्ड" लिहून नळी बेसिनमध्ये ओततात. तो साका म्हणजे क्रोम यलो. व्हॅन गॉगने सूर्यफुलांना लावला तोच. फेरिक आयन असेल तर पोटॅशियम फेरोसायनाइडने गर्द निळा साका येतो, तो प्रशियन ब्लू. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये एकाला लाल रंग करायचा होता आणि हाती हा निळा लागला. म्हणजे आपली बारावीची मुलं दरवर्षी परीक्षानळीत रंगपेटी तयार करतात आणि त्यांना कुणी सांगत नाही.

टायट्रेशनही तसंच. फिनॉल्फ्थॅलीन घातल्यावर जो पहिला फिकट गुलाबी टिकतो तो एंड पॉइंट. एक थेंब जास्त झाला की गडद, गेलं काम. मी वर्गात फिरताना लांबून ओळखायचो, कुणाची चित्रकला चांगली आहे. त्या मुलांची रीडिंग जुळायची. त्यांना फिकट आणि त्याहून फिकट यांतला फरक दिसायचा.

तिला विचारा, तिला केमिस्ट्रीतलं नेमकं काय आवडतं. उत्तर "रंग" असेल तर ती दोन विषय मागत नाहीये.

टर्पेंटाइन

ब्युरेट सर, तुम्ही हे लिहिलंत आणि मला माझा फायनल इयरचा कॅनव्हास आठवला.

चार बाय पाच फूट, पावसाळी आभाळ. मला तो पांढरा अगदी थंड हवा होता म्हणून झिंक व्हाइट वापरला, तोही जाड थराने. खालचा थर नीट वाळायच्या आत वरचा दिला. ज्युरीला वाहवा झाली. तीन वर्षांनी घरी कॅनव्हास उलगडला तर आभाळभर भेगा. वाळलेल्या तळ्याच्या तळासारख्या. मी ढसाढसा रडले.

आम्हाला 'फॅट ओव्हर लीन' सांगितलेलं होतं. तेलाचं प्रमाण कमी असलेला थर खाली, जास्त असलेला वर. पण का, ते कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. पुढे वाचून कळलं की झिंक ऑक्साइडची तेलाशी प्रक्रिया होऊन साबणासारखी संयुगं तयार होतात आणि थर ठिसूळ होत जातो. बर्न्ट अंबर लवकर का वाळतो? त्यात मँगनीज असतं, ते तेलाला वाळायला मदत करतं. हे तेव्हा माहीत असतं तर ते आभाळ आज माझ्या भिंतीवर असतं.

ताई, माझ्या पहिल्या प्रतिसादात मी "हात दोनच आहेत" म्हटलं होतं. ते दोन पदव्यांबद्दल अजूनही म्हणते. पण तुमच्या लेकीने केमिस्ट्री अजिबात सोडू नये.

पणजीकर

गोव्यात अल्तिन्होवरच्या कला महाविद्यालयात शिकलोय, राहवलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडच्या आणि कोकणातल्या जुन्या देवळांवर कावी कला असते. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच कोरत जायचं, म्हणजे खालचा पांढरा दिसतो. तिथे रंग म्हणून माती का, तर चुना भयंकर अल्कलाइन, त्यात भलते रंग मरतात. मातीतलं आयर्न ऑक्साइड टिकतं. आमच्या जुन्या कारागिरांना सूत्रं ठाऊक नव्हती, पण कुठला रंग चुन्यात जगतो हे पक्कं ठाऊक होतं. हल्ली जीर्णोद्धाराच्या नावाखाली यांतल्या काही भिंतींवर ऑइल पेंट फासला जातो, तेव्हा पोटात कालवतं.

ब्युरेट

पणजीकर, अगदी बरोबर. तो प्रशियन ब्लू चुन्याच्या भिंतीवर लावलात तर तपकिरी पडेल. तेच अजिंठ्याचं बघा. तिथले रंग गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती, चुना आणि निळ्यासाठी अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आलेला लाजवर्द हा दगड. काजळी सोडली तर सगळे दगड-माती कुळातले, म्हणून इतकी शतकं टिकले.

भिंतीचा_पापुद्रा

मी भित्तिचित्रांच्या जतनाचं काम करते, म्हणजे या धाग्यात जी नोकरी अजून कुणी बोलून दाखवली नाही तीच माझी नोकरी आहे.

अजिंठ्याचा विषय निघालाच आहे तर ऐका. निजामाच्या राजवटीत १९२०च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ बोलावले होते. त्यांनी निखळणारे पापुद्रे बसवले, ते काम मोलाचं होतं. पण चित्रांवर शेलॅकचा (लाखेच्या व्हार्निशचा) थरही दिला. तेव्हा चित्रं खुलली. पुढे तो शेलॅक पिवळा पडला, काळवंडला, आणि तो उतरवण्यात पुढच्या पिढ्यांची वर्षं गेली. आमच्या कामात हात चित्रकाराचा लागतो आणि डोकं रसायनाचं. एकच असेल तर नुकसान होतं.

आता ताईंसाठी उपयोगाचं. कॉन्झर्व्हेशनच्या अभ्यासक्रमात पदवीनंतर जाता येतं आणि तिथे दोन्हीकडून मुलं येतात, काही केमिस्ट्रीची, काही ललित कलेची. मी स्वतः बीएस्सी करून आले. पहिले सहा महिने माझा हात थरथरायचा. सोबतच्या बीएफए झालेल्या मुलीला द्रावण किती टक्क्यांचं ते कळायचं नाही. आम्ही दोघींनी एकमेकींना शिकवलं. मी तिला मोलॅरिटी (द्रावणाची तीव्रता मोजणं), तिने मला एकाच दिशेने बारीक रेघा मारून रंग जुळवायला. लखनौला सांस्कृतिक वारशाच्या जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं जतन केंद्र आहे. लेकीला एकदा मुंबईला नेऊन ते संग्रहालय दाखवा.

क्रम कुठला घ्यायचा? माझं मत बीएफए आधी. केमिस्ट्री तिशीतही शिकता येते. हात लहान वयात वळतो.

घाटमाथा

शेवटच्या दोन वाक्यांना माझं अनुमोदन.

ब्युरेट

मी केमिस्ट्रीवाला असून माझंही.

दूरदेशी

अमेरिकेतून लिहितोय. इकडे 'डबल मेजर', म्हणजे एका वेळी दोन मुख्य विषय, ही रोजची गोष्ट आहे. प्रॉव्हिडन्समध्ये ब्राउन विद्यापीठ आणि रिझ्डी हे डिझाइन स्कूल एकाच टेकडीवर आहेत. दोघांचा मिळून पाच वर्षांचा कार्यक्रम आहे, त्यात दोन्हीकडची पदवी मिळते. स्कॉटलंडमध्ये एडिंबरालाही पाच वर्षांचं एमए आहे, अर्धं स्टुडिओत आणि अर्धं कलेच्या इतिहासात. सांगायचं कारण एवढंच की अशा कार्यक्रमांत दोन गोष्टी चार वर्षांत कोंबत नाहीत, एक वर्ष वाढवून देतात. आपल्याकडे मुलांनी एक वर्ष जास्त घेतलं की "वर्ष वाया गेलं" म्हणतात. माझ्या वडिलांनीही म्हटलं होतं.

नियमावर_बोट

दूरदेशींच्या मुद्द्यावरून आठवलं. नव्या शैक्षणिक धोरणात आपल्याकडेही मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय) आणि ओपन इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) आलेत, आणि ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायचं असतं. बीएस्सी करणाऱ्याला कलेचा एखादा विषय असा घेता येतो, कॉलेजने ठेवला असेल तर. मात्र दोन-चार क्रेडिटचं चित्र आणि चार वर्षांचं चित्र यांची तुलना करू नका. संपूर्ण विद्यापीठात कलेची विद्याशाखा असेल तर जास्त सोपं जातं. बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० पासून ललित कलेची विद्याशाखा आहे, तिथे पेंटिंग, शिल्प आणि कलेचा इतिहास एकाच आवारात आहेत. आपल्या मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयालाही २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

चहाबाज

जेजेचा विषय निघाला म्हणून. आर. के. लक्ष्मण यांना जेजेने प्रवेश नाकारला होता, मग त्यांनी म्हैसूरला बीए केलं. आणि अरुण कोलटकर जेजेत चित्रकला शिकले, जाहिरातीत नाव काढलं आणि कवी म्हणून घराघरांत पोचले. कोण कुठल्या दाराने आत येईल सांगता येत नाही. चहा ठेवतो.

पाटी_पेन्सिल

चहाबाज, के. जी. सुब्रमण्यनही आधी मद्रासला अर्थशास्त्र शिकले, मग शांतिनिकेतनला गेले. राम कुमारही अर्थशास्त्राचेच. अर्थशास्त्र आणि चित्रकलेचा काहीतरी ऋणानुबंध दिसतो.

कोरा_कागद

खर्चाचं कुणी बोललं नाही. फीपेक्षा साहित्य जड जातं. ऑइलच्या ट्यूबा, कॅनव्हास, तो ताणायची लाकडी चौकट, ब्रश. आम्ही चौघीजणी मिळून कॅनव्हासचं थान आणायचो आणि हॉस्टेलच्या गच्चीवर स्वतः प्राइम करायचो, म्हणजे रंगाआधीचा थर द्यायचो. त्यात दुसऱ्या कोर्सची फी, पुस्तकं, परीक्षेला जायचं भाडं. वडील शेतकरी. मी दुसरा कोर्स मनात असूनही घेतला नाही, आणि तो निर्णय माझाच होता. ताई, तुमच्याकडे पैशाची ओढाताण असेल तर लेकीशी मोकळेपणाने बोला. मुलांना कळतं.

सांगलीची_हळद

कोरा_कागद, ओढाताण आहेच, आणि तुमच्या सांगण्यावरून काल रात्री तिघं बसून वहीत आकडे मांडले. बाबांनीच मांडले, हे मला विशेष वाटलं.

ब्युरेट सर, तुमचा प्रश्न विचारला. ती लगेच म्हणाली, "रंग नाही आई. रंग का बदलतो, ते."

ब्युरेट

ताई, हे वाचून मी खुर्चीतून उठून घरात एक फेरी मारून आलो.

तिला एक काम सांगतो. जाड कागदाच्या दोन पट्ट्या घ्यायच्या. एकीवर हळद पाण्यात कालवून रंगवायची, दुसरीवर गेरू. दोन्हींवर थोडा डिंक. वाळल्या की प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून उन्हाच्या खिडकीत टांगायच्या. पंधरा दिवस हात लावायचा नाही. मग पुठ्ठा काढून वहीत लिहायचं, काय दिसलं आणि का. ही वही बीएफएची चारही वर्षं चालू ठेवायची, वापरलेल्या प्रत्येक रंगाची एक पट्टी. दर शनिवारी संध्याकाळी मला फोनवर वाचून दाखवायची. फी म्हणून मला एक चित्र हवं, ते चौथ्या वर्षाच्या शेवटी.

भिंतीचा_पापुद्रा

सर, माझ्यासाठी पण एक शनिवार ठेवा. आणि ताई, ही वही ती पुढे कॉन्झर्व्हेशनच्या मुलाखतीला घेऊन गेली, तर मी मुलाखत घेणारी असते तर आधी ती वही मागितली असती.

अर्धा_इम्पीरियल

पुस्तकं माळ्यावरून काढली. वाळवी नाही लागलेली. जानेवारीत फॉर्म भरतेय.

सांगलीची_हळद

सोळा दिवसांनी लिहितेय, उशीर झाला. प्रवेशाची धावपळ होती.

पुण्यात बीएफएला घेतलं. दुसरी पदवी सध्या घ्यायची नाही असं तिनेच ठरवलं. बारावीची केमिस्ट्रीची पुस्तकं ट्रंकेत सगळ्यात खाली, त्यावर रंग, त्यावर कपडे. बाबा ड्रॉइंग बोर्ड घेऊन आले. दाखल्याच्या सहा साक्षांकित प्रती काढल्यात, नियमावर_बोट यांच्या सांगण्यावरून.

काल पुठ्ठा काढला. गेरूची पट्टी जशीच्या तशी, झाकलेलं कुठलं आणि उघडं कुठलं ते ओळखू येईना. हळदीची उघडी बाजू जवळजवळ कोरी झालीय, जुन्या पोस्टकार्डासारखी, आणि झाकलेली बाजू अजून पिवळीधमक. मधली रेघ तर सुरीने कापल्यासारखी. तिने त्या पिवळ्या भागावर खायच्या चुन्याचं पाणी सोडलं, तर क्षणात लालभडक. तिचे बाबा हळदीच्या व्यापारात आहेत, बावीस वर्षं रोज हळद हाताळतात. ती पट्टी हातात घेऊन खिडकीशी बराच वेळ उभे राहिले. मग तिला म्हणाले, "राजापुरी आणि सेलम, दोन्ही लावून बघ. कुठली आधी उडते?"

ब्युरेट

बाबांनाही शनिवारी फोनवर घ्या.